कौटुंबिक हिंसाचार मदत केंद्रात स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की, आणि ८ मार्चच्या आगेमागे, आमच्या केंद्राकडे एकाच धाटणीचे फोन आणि मेसेज येऊ लागतात: ‘मला बायकांसाठी काहीतरी करायचंय, येऊ का?’ जरूर या. पण हे वाचून या. ज्या बाईसाठी तुम्ही येणार, तिचं नाव, तिचा पत्ता आणि तिचा निर्णय या तीन गोष्टी तिच्या मालकीच्या आहेत. खालची बहुतेक उत्तरं तिथूनच निघालेली आहेत. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी चालणाऱ्या समुपदेशन केंद्राचे हे नियम आहेत. दुसऱ्या संस्थेत थोडाफार फरक असेल, तिथे विचारून घ्यावं.

१. तुमच्या केंद्रात नेमकं काय काम चालतं?

बाई येते, तिचं ऐकून घेतलं जातं, तिच्यापुढे कोणते मार्ग आहेत ते सांगितलं जातं आणि ती जो मार्ग निवडेल त्यात तिला सोबत केली जाते. कुणी एकटी येते, कुणी आईला घेऊन येते. कुणाला पोलीस ठाण्यातून पाठवलेलं असतं, तर कुणाला आशाताईंनी किंवा दवाखान्यातल्या सिस्टरनी पत्ता दिलेला असतो. मार्ग म्हणजे पोलीस तक्रार, संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले अधिकारी) कोर्टात अर्ज, मोफत वकील, वैद्यकीय तपासणी, निवारागृह, दोन्हीकडच्या माणसांची बैठक. किंवा सध्या काहीच न करता महत्त्वाची कागदपत्रं घराबाहेर सुरक्षित ठेवणं.

या कामाचा मुख्य आधार म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्याही आधी, १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं. बाई पोलिसांकडे गेली नाही तरी जखम घेऊन दवाखान्यात येतेच, म्हणून मदत तिथेच हवी, हा त्यामागचा विचार. आज राज्यात अशी केंद्रं अनेक ठिकाणी आहेत आणि स्वयंसेवकांची गरज सगळीकडेच आहे.

२. म्हणजे फक्त नवऱ्याने मारलेल्या बायकाच येतात का?

नाही. कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा येते. मुलगा झाला नाही म्हणून रोज टोमणे, पगार काढून घेणं, मंगळसूत्रासकट सगळं स्त्रीधन गहाण टाकणं, घरखर्चाला पैसे न देणं ही सगळी हिंसाच. दाद मागणारी बायको असते तशी आई, बहीण, मुलगी, विधवा सून किंवा लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी जोडीदारीणही असते. म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलाच्या केसेस आमच्याकडे नेहमी येतात. सासू किंवा नणंद त्रास देत असेल तर तिच्याविरुद्धही दाद मागता येते. आधी दाद फक्त ‘प्रौढ पुरुषा’विरुद्ध मागता येत होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या हर्सोरा निकालात ती अट काढून टाकली.

३. स्वयंसेवक आणि इंटर्न यात फरक काय?

इंटर्न कॉलेजतर्फे, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक तास भरायला येतो. त्याच्या कामावर केंद्रातली एक ताई (म्हणजे आमची समुपदेशक) आणि कॉलेजचे मार्गदर्शक असं दोघांचं लक्ष असतं. स्वयंसेवक स्वतःहून येतो आणि जास्त काळ टिकावा अशी आमची अपेक्षा असते. गोपनीयतेचे नियम दोघांना अगदी सारखेच आहेत.

४. कोण येऊ शकतं? शिक्षणाची अट आहे का?

वय १८ पूर्ण हवं. स्वयंसेवकाला शिक्षणाची अट नाही. निवृत्त परिचारिका, शिक्षिका, बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या बायका आमच्याकडे उत्तम काम करतात. बाईला तालुक्याच्या कचेरीत कुठल्या खिडकीवर जायचं ते त्यांना माहीत असतं आणि तिच्याशी तिच्याच बोलीत बोलता येतं. हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगू, अहिराणी, गोंडी किंवा सांकेतिक भाषा येत असेल तर अर्जात अवश्य लिहा. मूकबधिर बाईबरोबर दुभाषा म्हणून घरचाच माणूस आला तर तिचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण पुष्कळदा तो माणूसच त्रास देणारा असतो.

५. मी पुरुष आहे. मला घ्याल का?

हो. बाईची पहिली भेट आणि समुपदेशनाची खोली सोडून बाकी बरंच काम आहे: जनजागृती, हिशेब, संगणकावरची नोंद, युवक मंडळांत आणि कॉलेजांत मुलांशी बोलणं. गावातल्या तरण्या पोरांशी हा विषय बोलायला पुरुष कार्यकर्ता असेल तर फार फरक पडतो. कोर्टात किंवा दवाखान्यात सोबत जाणं मात्र बाई स्वतः ‘चालेल’ म्हणाली तरच. ती नको म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका.

६. किती वेळ द्यावा लागेल?

स्वयंसेवकांकडून आठवड्यातून दोन अर्धे दिवस आणि किमान सहा महिने, एवढी आमची मागणी असते. ‘दोन रविवार येतो’ म्हणणाऱ्यांना आम्ही कार्यक्रमांच्या कामाला घेतो, केसच्या कामाला घेत नाही. बाई एकदा तुमच्यासमोर मोकळी झाली आणि पुढच्या वेळी तिथे नवीनच चेहरा दिसला, तर तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मार खाल्ल्याची हकिगत तीन-तीन माणसांना सांगणं हा तिच्यासाठी पुन्हा एक त्रासच असतो.

७. कोणती कागदपत्रं लागतात?

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन परिचितांची नावं (नातेवाईक नकोत) आणि पोलीस पडताळणीचा दाखला. इंटर्नसाठी कॉलेजचं पत्र. त्यात मुदत, तास आणि मार्गदर्शकांचं नाव स्पष्ट असावं. रुजू होताना गोपनीयतेच्या लेखी हमीवर सही घेतली जाते. वाचून सही करा, घाई नाही.

८. प्रशिक्षणात काय शिकवतात?

कायदा, स्थानिक यंत्रणा आणि ऐकणं. कायदा आणि यंत्रणा वाचून, फिरून समजतात. ऐकणं सगळ्यांत अवघड जातं, म्हणून त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो.

उदाहरणार्थ, बाई म्हणते, ‘मी उलट बोलले म्हणून त्यांनी हात उचलला.’ नवीन माणूस पटकन विचारतो, ‘काय बोललात तुम्ही?’ प्रश्न साधा वाटतो, पण बाईला त्यात ‘चूक तुझीच’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी विचारावं: ‘तुम्हाला कुठे लागलं? आता दुखतंय का? मुलं कुठे होती?’ तसंच ‘मग इतकी वर्षं सहन का केलंत?’ हा प्रश्न आमच्या खोलीत कुणीही विचारायचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली होती. म्हणजे आपल्या दारात आलेली बाई आधीच फार मोठं पाऊल उचलून आलेली असते.

धोका ओळखायलाही शिकवतो. गळा दाबला होता का, घरात हत्यार आहे का, मारहाण अलीकडे वाढली आहे का, ती गरोदर आहे का, ‘सोडून गेलीस तर जिवंत ठेवणार नाही’ असं तो म्हणाला आहे का. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर बाईला एकटं न सोडता लगेच ताईंना बोलवायचं. गळा दाबल्याची खूण वरून दिसत नसली तरी दवाखाना गाठायचाच.

९. पहिल्या महिन्यात मला काय करायला मिळेल?

बहुतेक जण ही अपेक्षा चुकीची बांधून येतात, म्हणून सविस्तर सांगते. पहिल्या महिन्यात तुम्ही झेरॉक्स काढाल. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे पेपर, पासबुक. बाईच्या लेकराला बाहेरच्या खोलीत खेळवाल, म्हणजे तिला आत रडता येईल. लेकरासमोर ती रडणार नाही आणि खरंही सांगणार नाही. तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभ्या राहाल. डॉक्टरांनी ‘पडल्यामुळे’ असं लिहिलं तर तिला हळूच आठवण करून द्याल की खरं कारण सांगायचा तुम्हाला हक्क आहे, आणि इथली नोंद पुढे पुरावा ठरते.

कोर्टाच्या व्हरांड्यात बसणं हेही काम आहे. बाकाच्या या टोकाला बाई, त्या टोकाला नवरा, दीर, सासू आणि गावातली चार माणसं. पुकारा होईपर्यंत दोन-तीन तास जातात. मध्येच कुणीतरी येऊन ‘पोरांकडं बघून तरी मागं घे’ म्हणतं. अशा वेळी तुम्ही तिच्या आणि त्या घोळक्याच्या मध्ये बसता, पाण्याची बाटली पुढे करता, तारीख कागदावर लिहून देता. एवढ्याने बाई पुढच्या तारखेला येते. या कामाला कुणी कमी लेखू नये. अर्ज कितीही चांगला लिहिलेला असला तरी बाई तारखेला आलीच नाही तर त्याचा उपयोग होत नाही.

१०. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मला समुपदेशन करता येईल का?

स्वतंत्रपणे नाही. इंटर्नशिपच्या शेवटच्या टप्प्यात, बाईची परवानगी असेल तर, तुम्ही ताईंसोबत खोलीत बसू शकता. कायद्याखालच्या नियमांत समुपदेशक कुणी व्हावं यावर बंधनं आहेत. ज्याचा त्या वादात हितसंबंध आहे किंवा जो दोहोंपैकी कुणाचा नातलग आहे, त्याला हे काम देता येत नाही. पुस्तकात शिकलेल्या चाचण्या इथे कुणावर करून पाहायच्या नाहीत.

११. मी लॉचा विद्यार्थी आहे. माझ्या इंटर्नशिपमध्ये हे धरलं जाईल का?

बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. स्वयंसेवी संस्थेतलं काम कॉलेज त्यात धरतं, पण आधी प्राचार्यांकडून लेखी घ्या.

काम मुख्यतः मसुद्यांचं. कौटुंबिक घटना अहवाल, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, तो तुम्ही ताईंच्या देखरेखीखाली भरायला शिकाल. त्यात प्रत्येक प्रकारच्या हिंसेसाठी तारीख, वेळ, ठिकाण आणि कुणी केली याचे रकाने असतात. ‘वारंवार मारहाण करतो’ असं लिहून भागत नाही. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, स्वयंपाकघरात, लाटण्याने डाव्या कोपरावर’ असं लिहावं लागतं. बायकांना इंग्रजी तारखा आठवत नाहीत, पण सणवार, पेरणी, मुलीची परीक्षा, दिराचं लग्न पक्कं लक्षात असतं. त्यावरून कॅलेंडर समोर धरून तारीख काढायची. हे तुम्हाला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

२००५ च्या कायद्यातला कलम १२ चा अर्ज, कलम १८ ते २२ खालचे आदेश (संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, आर्थिक मदत, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई) आणि कलम २३ खालचा अंतरिम आदेश एवढं नीट वाचून या. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि बाईला पहिल्याच दिवशी हे खरं सांगायचं. सासरच्या छळाबद्दलच्या, भारतीय दंड संहितेतल्या जुन्या ४९८-अ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आली आहेत. मात्र त्याआधीच्या घटनांना जुनंच कलम लागतं. अर्जात गल्लत करू नका.

१२. एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचं) क्षेत्रकार्य तुमच्याकडे होतं का?

होतं. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, गृहभेटी (नेहमी दोघींनी मिळून), गटकार्य आणि नोंदी. क्षेत्रकार्याच्या अहवालात बाईचं नाव, गाव, नवऱ्याच्या नोकरीचं ठिकाण यातलं काहीही लिहायचं नाही. ‘अमुक गावच्या तलाठ्याची बायको’ एवढं लिहिलंत तरी सगळ्या तालुक्याला कळतं. पदवीच्या ओजेटीसाठी (प्रत्यक्ष कामातल्या प्रशिक्षणासाठी) येणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

१३. मानधन, प्रवासखर्च, प्रमाणपत्र मिळतं का?

मानधन नाही. केंद्राच्या कामासाठी केलेला प्रवास तिकीट दाखवल्यावर परत मिळतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेच धरलं जातं. प्रमाणपत्र तास पूर्ण झाल्यावर मिळतं, आधी मागू नये.

१४. गोपनीयता म्हणजे काय? घरी आईला सांगितलं तर चालेल ना?

नाही. नाव न घेता सांगितलं तरी नाही. आपल्याकडे प्रत्येकाची कुणाच्या ना कुणाच्या सोयरिकीत ओळख निघते. ‘आज एक बँकेतली बाई आली होती, दोन जुळी मुलं’ एवढं जेवताना बोललात की आई मावशीला सांगते आणि मावशीच्या जावेला ती बाई माहीत असते.

नियम असे: फाईल केंद्राबाहेर जात नाही. फाईलचा फोटो काढायचा नाही. व्हॉट्सॲपवर केसचा उल्लेख नाही, कार्यकर्त्यांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. केंद्राच्या दारात सेल्फी नाही, कारण मागच्या बाकावर कोण बसलंय ते फोटोत येतं. बाजारात, लग्नात बाई दिसली तर तुम्ही आधी ओळख दाखवायची नाही. ती बोलली तर बोला, आणि बरोबरच्याने ‘ह्या कोण?’ विचारलं तर काय सांगायचं ते तिला ठरवू द्या. निवारागृहाचा पत्ता तर स्वतःच्या घरीही सांगायचा नाही.

याला अपवाद आहेत, ते प्रश्न १९ मध्ये.

१५. बाईला फोन करायचा असेल तर?

केंद्राच्या फोनवरूनच, आणि तिने सांगितलेल्या वेळेतच. पहिल्या भेटीत विचारून घ्यायचं: फोन कुणाचा आहे, कोण उचलतं, किती वाजता मोकळ्या असता, दुसऱ्याने उचलला तर काय सांगू. तिने सांगितलेलंच निमित्त वापरायचं: शिवणक्लास, बचत गट, शाळेतल्या बाई. तिच्या आवाजावरून घरात कुणी असल्यासारखं वाटलं तर ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे आणि लवकर ठेवायचा. मेसेज पाठवायचाच असेल तर केंद्राचं नाव त्यात येऊ द्यायचं नाही. नवऱ्याच्या फोनवर तिचं व्हॉट्सॲप चालू असणं ही आता सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

तुमचा स्वतःचा नंबर द्यायचा नाही. यात तुमच्यावर अविश्वास नाही. रात्री दोन वाजता तिने फोन केला आणि तुम्ही झोपेत असाल, तर तिच्या जिवावर बेतू शकतं. रात्रीसाठी आपत्कालीन क्रमांक ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे दोन नंबर तिला पाठ करून घ्या.

१६. इतकी मदत केली, आणि ती परत नांदायला गेली. मग उपयोग काय?

हा प्रश्न प्रत्येक इंटर्न विचारते, आणि विचारताना बहुतेकींचे डोळे भरलेले असतात.

ती परत जाते त्याला कारणं असतात. मुलाची दहावी, माहेरी भावजयीच्या हाताखाली राहणं, धाकट्या बहिणीचं लग्न अडणं, खिशात पैसा नसणं, आणि कधी त्या माणसावरची मायासुद्धा. यातलं कुठलंही कारण आपण क्षुल्लक ठरवायचं नाही. ती जाताना आपण सुरक्षेची आखणी करून द्यायची: शेजारची विश्वासाची बाई कोण, कागदांच्या झेरॉक्स कुणाकडे, थोडे पैसे कुठे, मारहाण सुरू झाली तर स्वयंपाकघरात न थांबता कुठल्या दाराकडे जायचं. आणि शेवटी एक वाक्य, ‘कधीही या, परत पहिल्यापासून विचारणार नाही.’ ज्यांना हे वाक्य ऐकायला मिळालेलं असतं त्या परत येतात. ‘मग आमचा वेळ कशाला घेतलात?’ असं ज्यांना सुनावलं जातं त्या पुन्हा कुणाच्याच दारात जात नाहीत.

१७. तुम्ही लोक घरं मोडता, असं माझे घरचे म्हणतात. काय उत्तर देऊ?

त्यांना सांगा की केंद्रात येणाऱ्या बऱ्याच बायका पहिल्याच भेटीत ‘मला संसार करायचाय, फक्त मारणं थांबवा’ असं म्हणतात. आम्ही बैठका घेतो, लेखी हमी घेतो, नंतर पाठपुरावाही करतो. पण बैठकीत एक गोष्ट पक्की असते. कायद्याच्या नियमांतच म्हटलंय की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि हे समोरच्याला बैठक सुरू होण्याआधीच सांगायचं. ‘भाजी खारट होती म्हणून’ हे कारण म्हणून नोंदवलंच जात नाही. गावच्या पंचायतीत ‘तू मारू नको, तू उलट बोलू नको’ असा दोघांना सारखा दम देऊन मिटवतात. ती तडजोड आणि ही बैठक यात मोठं अंतर आहे.

१८. नवरा किंवा सासरचे केंद्रात येऊन गोंधळ घालतील का? मला धोका आहे का?

कधीकधी येतात. तुम्ही बोलायचं नाही, ‘ती इथे आली होती का’ याचं हो किंवा नाही असं कुठलंच उत्तर द्यायचं नाही, ताईंना बोलवायचं. केंद्रात एकट्याने थांबायचं नाही, अंधार पडल्यावर गृहभेट नाही. स्वतःचं आडनाव आणि गाव समोरच्या पक्षाला सांगायची गरज नाही. पाठलाग किंवा धमकी झाली तर त्याच दिवशी कळवा. केंद्र पोलिसांत लेखी देतं.

१९. गोपनीयतेला अपवाद कोणते?

पहिला: १८ वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. हे केंद्रालाच नाही, तुम्हालाही लागू होतं. म्हणून कुठल्याही लहान मुलाला ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका.

इथे एक अवघड जागा आहे. सतरा वर्षांची, लग्न झालेली, पोटुशी मुलगी मारहाणीची तक्रार घेऊन येते. तिला फक्त मारहाण थांबवायची असते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, आणि कळवण्याची सक्ती तिथेही येते. त्यामुळे वयाचा प्रश्न सुरुवातीलाच, आणि पुढे काय करावं लागेल हे तिला समजावून विचारायचा असतो. हे काम ताईंचं. तुम्हाला वय कमी वाटलं तर पुढचे प्रश्न थांबवून ताईंना बोलवा.

दुसरा: बाई जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली. ‘मुलांना घेऊन विहिरीत जाते’ हे रागाच्या भरात बोलली असं समजायचं नाही. त्याच क्षणी ताईंना सांगायचं.

२०. ओळखीची बाई किंवा माझीच नातेवाईक केंद्रात आली तर?

तुम्ही बाजूला व्हा. तिला कळवलं जातं की तुम्ही इथे काम करता, आणि हवं तर तिला दुसऱ्या केंद्रात पाठवलं जातं. समोरचा पक्ष तुमच्या नात्यातला असेल तर हे आणखी कडकपणे पाळलं जातं. फाईल तुमच्या हाती येणार नाही.

२१. मी स्वतः हे सोसलंय. मला काम करता येईल का?

येईल, आणि तुम्ही आलात तर आम्हाला आनंद होईल. फक्त तुमची केस कोर्टात चालू असेल किंवा घर नुकतंच सोडलं असेल तर आधी स्वतःसाठी या, कामासाठी नंतर. दुसरीची हकिगत ऐकताना आपलीच आठवण उसळून येते. स्वतःची गोष्ट बाईला सांगायची की नाही हे ताईंशी बोलून ठरवा. ‘मी सोडलं, तुम्हीही सोडा’ असा दबाव त्यातून नकळत येतो. हा अनुभव नसलेल्यांनाही काम जड जातंच. झोप लागत नाही, घरच्या पुरुषांचा उगाच राग येतो. महिन्यातून एकदा सगळ्यांची एकत्र बैठक याच बोलण्यासाठी असते, ती चुकवू नका.

२२. मला स्वयंसेवक व्हायचं नाही, पण शेजारी रोज मारहाण ऐकू येते. काय करू?

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतं. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. मारहाण चालू असेल तर ११२. ती एकटी भेटली तर १८१ सांगा, आणि हेही की मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नुसता अर्ज करायचा असतो. तिच्या नवऱ्याला जाऊन समजावू नका. तुम्ही निघून गेल्यावर त्याचा राग तिच्यावर निघतो.

२३. प्रबंधासाठी बायकांच्या मुलाखती हव्या आहेत. इंटर्न म्हणून आलो तर मिळतील?

इंटर्नशिपच्या आडून नाही. संशोधनासाठी वेगळा अर्ज, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येक बाईची स्वतंत्र संमती लागते. चालू केसमधली बाई आम्ही मुलाखतीला देत नाही. मदत हवी असताना ती ‘नाही’ म्हणणारच नाही, आणि त्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही.

२४. मी जिल्ह्याबाहेर किंवा परदेशात आहे. घरबसल्या काही करता येईल?

येईल. मराठी माहितीपत्रकं सोपी करणं, हिशेब, ऑनलाइन शिकवण्या. परदेशी राहणाऱ्या मराठी लोकांची एक खास मदत होते. लग्न होऊन तिकडे गेलेली मुलगी अडकते, पासपोर्ट नवऱ्याच्या ताब्यात असतो, व्हिसा त्याच्यावर अवलंबून असतो, आणि इकडे आई-वडील आमच्याकडे येतात. त्या देशातली हेल्पलाइन आणि निवारा यांची खात्रीची, ताजी यादी करून देणारा माणूस तिथे फार मोलाचा असतो. केसच्या फायली मात्र ऑनलाइन कुणालाही दिसत नाहीत.

२५. जुने कपडे, वस्तू देऊ का?

बाई अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडते, तेव्हा तिला लागतात: नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, गाऊन, मुलांचे डायपर, वह्या, साधा मोबाइल, रिचार्ज आणि गाडीभाड्याचे पैसे. जुन्या साड्यांची गाठोडी नकोत. पैसे थेट बाईच्या हातात देऊ नका, केंद्रामार्फत द्या, नाहीतर ती तुमच्या उपकाराखाली दबून राहते.

२६. मुदत संपल्यावर काय? मध्येच सोडावं लागलं तर?

परीक्षा, नोकरी, लग्न, आजारपण यामुळे मध्येच थांबणाऱ्या अनेक जणी असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पंधरा दिवस आधी सांगा. ज्या बायकांबरोबर तुम्ही दवाखाना-कोर्टात जात होता त्यांना तुम्ही स्वतः सांगा, आणि पुढे सोबत करणाऱ्या ताईची गाठ घालून देण्यासाठी एक भेट राखून ठेवा. स्वतःच्या वहीतल्या केसच्या नोंदी केंद्रात जमा करा, फोनमधले नंबर पुसून टाका. गोपनीयतेची हमी मुदत संपल्यावरही संपत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘एखादी केस सांगा’ म्हणाले, तरीही नाही.